न विचारता चालेल एवढंच

चंदना दुपारी साडेबाराला झोपते आणि ती झोपली की माझं ऑफिस उघडतं. ती मांडीवर, डावा हात तिच्या डोक्याखाली, उजवा लॅपटॉपवर. अकरा महिन्यांच्या या बाईला माधवनगरच्या रस्त्यावरचे ट्रकचे हॉर्न चालतात, पण आईच्या कीबोर्डची टकटक चालत नाही.

मी द्राक्षबागायतदारांसाठी एक अ‍ॅप बनवते. पानाचा फोटो पाठवायचा, अ‍ॅप सांगणार रोग कुठला, भुरी की दावण्या. कोड लिहायला हल्ली एआय एजंट आहे. तो फायली वाचतो, दुरुस्त करतो, कमांड चालवून बघतो. गुणी आहे, पण नव्या सुनेसारखा प्रत्येक गोष्ट विचारून करतो. "ही कमांड चालवू?" मी एंटर दाबायची, टक. चंदनाची पापणी हलायची. "आता ही चालवू?" टक. पापणी उघडायची.

शेवटी बुधवारी वैतागून मी त्याच्या परवानगीच्या यादीत लिहून टाकलं, की प्रोजेक्टमध्ये आम्ही बनवलेल्या सगळ्या कमांड न विचारता चालव. खाली 'हे करू नकोस' म्हणून तीन ओळी घातल्या. त्या दुपारी चंदना सलग दोन तास झोपली. मी तिच्या पायाची बोटं मोजली. दहाच होती, तरी पुन्हा मोजली.

शुक्रवारी चार वाजता डेमो होता. रजेनंतर घरून काम करायला पुण्याच्या ऑफिसने मला तीन महिने दिले होते, ते त्या दिवशी संपत होते. आमचे प्रमुख जयराज सर म्हणाले होते, "डेमो बघू, मग ठरवू." डेमो फसला असता तर मला पुण्याला जावं लागलं असतं आणि चंदनाला पाळणाघरात. ती अजून अंगावर पिते.

दीड वाजता मी एजंटला सांगितलं, सगळ्या चाचण्या पहिल्यापासून घे. त्याने घेतल्या आणि नम्रपणे कळवलं, "चाचणीत जुना डेटा येत होता, म्हणून आधी 'सफाई' ही कमांड चालवली. तात्पुरत्या फायलींचं फोल्डर रिकामं केलं आहे."

'सफाई' मीच लिहिली होती, चंदना पोटात असताना, आणि विसरले होते. त्या फोल्डरमध्ये माझी एक फाईल होती. दोनशे बारा फोटो, कुठल्या पानावर कुठला रोग, सहा आठवडे एका हाताने टाईप केलेलं. उद्या नीट जागी ठेवू म्हणत तिथेच राहिलेली. तिच्याशिवाय अ‍ॅप बरोबर सांगतंय की चूक, हे दाखवायचं कशावरून?

मी रडले नाही. ते फोल्डर पुन्हा पुन्हा उघडून बघत राहिले आणि त्या टकटकीने चंदना उठून रडली.

सासूबाई आतून आल्या आणि तिला उचललं. "काय झालं गं?"

मी सांगितलं. त्यांना 'एजंट' म्हटलं की विम्याचा माणूस आठवतो, पण मुद्दा लगेच कळला.

"म्हंजे तू त्याला नको ते तेवढं सांगितलंस."

"हो. तीन गोष्टी."

"तीनच? आन् बाकीचं समदं चालतंय म्हणून त्यो मोकळा."

त्यांनी मानेनेच फ्रिजकडे दाखवलं. तिथे त्यांची रोजची चिठ्ठी असते. सकाळी मंदिरातून आल्यावर दिवसभरात फक्त काय काय खाणार याचा त्या नियम घेतात आणि स्वयंपाक मी करते म्हणून लिहून लावतात. त्या दिवशीची होती: भात, मुगाची आमटी, दोडका, भाकरी, तूप, दूध, केळं.

"सोडायचं लिवाय बसले तर वही पुरायची न्हाई," त्या म्हणाल्या. "घ्यायचं लिवायचं. बाकीचं आपसूक सुटतंय. बरं, फोटो हाईत का त्ये बी गेलं?"

"फोटो सर्व्हरवर आहेत. नावं गेली."

"मग नावं मी सांगते की. कवलापूरच्या बागेत वाढलीया मी."

मग आम्ही बसलो. त्यांच्या मांडीवर चंदना, माझ्यासमोर फोटो. "भुरी. भुरी. ह्यो करपा. ह्ये काय न्हाई, नुसती औषधाची धूळ हाय." एका फोटोशी त्या थबकल्या. "दावण्या वाटतोय, पर पान उलटं करून बघितल्याशिवाय न्हाई सांगायची मी." तो मी बाजूला ठेवला. चंदनाने मध्येच स्क्रीनला आमटी लावली. सव्वातीनपर्यंत चौसष्ट झाले. या वेळी फाईल नीट जागी ठेवली आणि एक प्रत सर्व्हरवर.

उरलेल्या वेळात परवानगीची ती ऐसपैस ओळ पुसली. तिच्या जागी एकेक कमांड पुऱ्या नावानिशी लिहिली. फायली वाचणं, शोधणं, काय बदललं ते दाखवणं, चाचण्या घेणं. नऊ झाल्या. बाकी सगळ्याला त्याने विचारायचं.

चार वाजता व्हिडिओ कॉलवर सर आणि टीमसमोर डेमो सुरू झाला. दोनशेऐवजी चौसष्टच फोटो का, हे मी सुरुवातीलाच सांगून टाकलं, माझ्या चुकीसकट. सर 'हं' म्हणाले. चौसष्टपैकी अठ्ठावन्न पानं अ‍ॅपने बरोबर ओळखली. मग ते म्हणाले, "आता चाचण्या पहिल्यापासून घेऊन दाखवा."

एजंट कामाला लागला आणि मध्येच थांबला. स्क्रीनवर आलं, "'सफाई' चालवू?"

सगळे बघत होते. माझ्या मांडीवरच्या चंदनाचा हात एंटरकडे निघाला होता, तो मी वरच्यावर पकडला आणि 'नको' दाबलं.

"हीच का ती?" सरांनी विचारलं.

"हीच. या वेळी विचारलं त्याने."

सरांनी परवानगीची नवी यादी दाखवायला सांगितली आणि वाचली. मग म्हणाले, "सोमवारपासून बाकीच्या तीन प्रोजेक्टच्या याद्याही तुम्ही बघा. तिथूनच."

"तिथूनच म्हणजे?"

"माधवनगरहून हो."

लॅपटॉप मिटला तेव्हा सासूबाई दारातच उभ्या होत्या. सगळं ऐकलं होतं आणि ऐकलं नाही असा चेहरा होता. मी म्हटलं, "आई, चहा टाकते तुम्हाला. आज तरी घ्या."

"चहा न्हाई माझ्या यादीत."

"आणि दूध?"

"दूध हाय," त्या म्हणाल्या. "वेलदोडा घालू नको मातर. त्यो लिवला न्हाई मी."