फिजिक्सचं नाव कोण काढणार?

वेल्मीला आर्किटेक्ट व्हायचं होतं आणि घरात कुणाचाही त्याला विरोध नव्हता. असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं! इथे सगळेच खूश. मावश्या तर आत्तापासूनच आपापल्या घरांचे नकाशे मागत होत्या. घोडं पेंड खात होतं ते विषयांपाशी. अकरावीसाठी शाळेने विषयांचे गठ्ठे केले होते. एका गठ्ठ्यात फिजिक्स आणि वरचं गणित, दुसऱ्यात चित्रकला, इतिहास, समाजशास्त्र. इकडचं थोडं तिकडचं थोडं असं चालत नव्हतं. वेल्मीला ज्या विद्यापीठात जायचं होतं तिथे फिजिक्सशिवाय दारात उभं करत नसत, आणि सोमवारी कागद शाळेत दिला की पुढे बदल नाही.

आता हे ठरवणार कोण, तर मामा. सुमात्रातल्या आम्हा मिनांग लोकांत भाचीचं शिक्षण म्हणा, लग्न म्हणा, शेवटचा शब्द मामाचा. बाप असतो, जीवही लावतो, पण बायकोच्या माहेरघरात तो पाहुणा. चार दिवसांच्या पाहुण्याने बोलावं तेवढंच बोलायचं. आणि यातली खरी मेख पुढेच आहे. वेल्मीचे वडील, तिचे आपा, त्याच शाळेत फिजिक्सचे मास्तर होते! वर्गात त्यांचा आवाज मैदानापर्यंत ऐकू यायचा.

रविवारी दुपारी पायाकुंबुहच्या वरच्या गावात, आईच्या खानदानाच्या घरी बैठक बसली. मामा मुद्दाम पेकानबारूहून आला होता. तिथे त्याची खानावळ जोरात चालते, आणि खानदानाचा दातुक, म्हणजे प्रमुखही तोच. नारळात आटवलेल्या मांसाचं रेंदांग आणि भात झाला, कॉफीचे पेले फिरले, सगळे चटईवर भिंतीला टेकून बसले.

"पोर चित्रं झकास काढते," मामाने सुरुवात केली. "घर बांधायचं म्हणजे आधी चित्रच. काय सुतान?"

सुतान म्हणजे आपाच. जावयाला सासरी नावाने हाक मारत नाहीत, लग्नात मिळालेल्या किताबाने मारतात. आणि जावयाने मेव्हण्याशी सरळ बोलायचं नाही हाही रिवाज. बोलणं कसं, डोंगराला वळसा घालून जाणाऱ्या रस्त्यासारखं हवं.

"चित्र तर हवंच, दातुक," आपा म्हणाले. "सुंदरच हवं. आता वारा काही चित्र बघून थांबत नाही म्हणा."

वेल्मी सरसावून बसली. आलं, आलं! आता पुढचं वाक्य बोला.

"वारा ना?" मामाने मांडीवर थाप मारली. "तुमच्या शाळेचे पत्रे उडाले म्हणे परवा!"

झालं. पुढची सगळी कॉफी पत्र्यांवर गेली. कुणाचा पत्रा कुणाच्या शेतात पडला, कोणाची म्हैस थोडक्यात वाचली. आपांनी पुन्हा एकदा खडा टाकून पाहिला. "ज्याने बसवले त्याला वजनाचा अंदाज नव्हता, दातुक. अंदाज काही आपोआप येत नाही, शिकावा लागतो."

"बरोब्बर! कंत्राटदार सगळे चोर!"

वेल्मीने आईला कोपराने ढोसलं. "आमाक, तू तरी बोल ना!"

"गप गं. आपा बोलतायत ना?"

"याला बोलणं म्हणतात?"

"हळू! तुला ऐकू येतंय तेवढं पुरे. घे, लामांग खा."

मावशीने चिकट भाताचा तुकडा तिच्या ताटलीत सरकवला. वेल्मीने तो तसाच ठेवला. एवढी माणसं, एवढी तोंडं, आणि फिजिक्स हा एक शब्द कुणी उच्चारायला तयार नाही!

शेवटी मामाने चष्मा लावला. "मग चित्रकलेचाच गठ्ठा. सुतान, तुम्हाला पटतंय ना?"

आपांनी पेला रिकामा केला.

"दातुकांनी विचार करूनच म्हटलं असणार," आपा म्हणाले.

मामाने कागदावर चित्रकलेच्या गठ्ठ्यापुढे खूण केली आणि सही ठोकली. सगळ्यांचं एकमत झालं म्हणून सगळे खूश.

आई भांडी आवरायला मागे राहिली आणि वेल्मी आपांच्या स्कूटरवर बसली. गावाची कमान मागे पडते न पडते तोच आपांना कंठ फुटला. "तसं बघितलं तर चित्रकला दुय्यमच गं. तुळईवर भार कसा येतो, भूकंपात खांब का मोडतो, हे सगळं फिजिक्स. त्याच्याशिवाय आर्किटेक्टला..."

वेल्मीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "थांबवा गाडी."

"अगं, काय झालं?"

"वरातीमागून घोडं कशाला आता? हे वर का नाही बोललात?"

"बोललो की. वारा म्हटलं, वजन म्हटलं. जावयाने आणखी किती बोलायचं?"

"मामा पत्र्यांवर गेले ना, आपा! म्हशीवर गेले! चला, वळवा गाडी. जाऊन सांगा."

आपांनी गाडी थांबवली. पण वळवली मात्र नाही. वेल्मी उतरली आणि चढ चढत माघारी निघाली.

ती जिना चढून वर आली तेव्हा मामा बॅग भरत होता. तिला धाप लागली होती. "मामा, मला फिजिक्स पाहिजे. चित्रकलेच्या गठ्ठ्याने मी आर्किटेक्ट होत नाही."

"अगं ए!" मावशी ओरडली. "मोठ्यांशी बोलायची काही रीत?"

मामाने मात्र बॅग बाजूला सारली. "मग मघाशी कुणी बोललं का नाही? मी रस्सा ढवळणारा माणूस, मला काय कळतंय त्यातलं? तुझा बाप फिजिक्सचा मास्तर! तो आपल्याच विषयाचं नाव काढेना. मला वाटलं, पोरीला झेपणारं नसेल, बिचारा चारचौघांत कसं सांगणार? म्हणून मीही पुढे विचारलं नाही. आब राखला मी त्याचा!"

वेल्मी चटईवर बसली. सगळा राग मामासाठी साठवून आणला होता, तो आता ठेवायचा कुठे?

खाली स्कूटर येऊन थांबली. मामाने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "अहो सुतान! पोरीला फिजिक्स झेपेल का?"

आपांनी वर पाहिलं. वेल्मीचे फिजिक्समधले भरघोस मार्क त्यांनीच तर दिले होते. "झेपेल असं... म्हणजे दातुकांना जर तसं वाटत असेल तर..."

"बघ," मामा हताश होऊन म्हणाला. "यातून मी काय समजायचं?"

वेल्मी उठली आणि मामाला बाजूला सारून खिडकीत वाकली. "आपा! हो की नाही?"

आई हातातलं भांडं घेऊन जिन्याशी आली. अंगणात केळी उतरवणारा शेजारीही थांबून बघायला लागला. आपांनी हेल्मेट काढलं, उगाच आतून पुसलं.

"हो," ते म्हणाले.

वेल्मीने घडी करून नेलेला कागद पुढे केला. मामाने आधीच्या खुणेवर काट मारून फिजिक्सवर खूण केली आणि पुन्हा सही केली. वेल्मीला हवं ते मिळालं होतं, पण मामाने राखलेला आपांचा आब तिनेच चारचौघांत घालवला होता. तिने कागद घेतला, आणि तिला रडू आवरेना.