टबातले बंदर

बंदरातली गाळ काढणारी बोट बंद पडली आणि त्याच सुमारास बाबांचे बोलणेही आटले. अर्धे आयुष्य त्यांनी तिची यंत्रे चालवली होती. बंदर कार्यालयाने मात्र दुःख आवरून तिची छोटी प्रतिकृती दर्शनी दालनात मांडायचे ठरवले. दुरुस्तीपेक्षा ते सोयीचे होते. अशा प्रतिकृती मी हौसेने करतो, म्हणून काम माझ्याकडे आले.

पत्र्याच्या डब्यांतून मी सांगाडा कापला, टूथपेस्टच्या रिकाम्या नळ्यांतून इवल्या बादल्या घडवल्या, मोडक्या टेपरेकॉर्डरची मोटर बसवली. साखळी फिरली की बादल्या तळाचा चिखल उपसून वर पन्हळीत ओतत. मला चार माणसांत बोलता येत नाही. तो खडखडाट बाबांच्या कानी पुन्हा पडावा, एवढेच मला त्यांना सांगायचे होते.

चाचणी आमच्या न्हाणीघरातल्या टबात, तळाशी चिखल पसरून वर पाणी भरून झाली. बंदर कार्यालयाचे साहेब स्वतः आले.

"अरे, ही तर चालते!" ते दचकले.

"हो... तशीच केलीय."

"कमाल करता! खरी बंद आणि ही चालू? उद्घाटनाला मंत्री यायचेत. मी काय उत्तर देऊ त्यांना? साखळी चिकटवून टाका. प्रतिकृती कशी, मुळाबरहुकूम हवी."

सवयीने मी "बरं" म्हणालो.

"न्या हो एकदाची," आई दारातून म्हणाली. "आंघोळीचे वांधे झालेत."

बाबा टबाला कान लावून बसले होते. "मोटर जरा मंद कर," ते म्हणाले. "चिखलात धाप लागते तिला."

औषध आणि चहा सोडून कित्येक महिन्यांत त्यांनी उच्चारलेले हे पहिले शब्द. हातातल्या गोंदाच्या नळीचे टोपण मी उघडलेच नाही.

दालनासाठी मी दुसरी बोट केली: भरीव लाकडाची, साखळी नुसती रंगवलेली. फीत कापली गेली. "वा! अगदी हुबेहूब!" साहेबांनी माझी पाठ थोपटली. आयुष्यातली पहिली जाहीर शाबासकी मी बुटांकडे पाहत स्वीकारली.

पहिली बोट टबातच राहिली. बाबा रोज सकाळी एका टोकाचा गाळ काढतात आणि दुसऱ्या टोकाला ओततात.

"अहो, परत तिथेच काय टाकताय?" आई करवादली.

"खात्यात असंच चालायचं," बाबा चक्क हसले. "नाहीतर बोटीला काम कुठून उरणार?"

आई बादली उचलून अंगणात आंघोळीला गेली.