धाकू तांडेलाचा पॉइंट

"अगो ऋजुता, मला समद्यांचे पॉइंट दिसतायत गो!"

फोनवर बाबल्या तांडेलाचं हे वाक्य ऐकलं आणि ऋजुताच्या हातातलं घावन हातातच राहिलं. होडीचा तांडेल आपली मासळीची जागा बायकोलासुद्धा सांगत नाही, आणि इथे एकाला सगळ्यांच्या दिसत होत्या!

ऋजुताने मच्छीमार सोसायटीसाठी ॲप केलं होतं. दर्यात जाताना प्रत्येक तांडेलाने आपला पॉइंट त्यात भरायचा, म्हणजे होडी अडकली तर शोधायला कुठे जायचं ते कळेल. मागल्या हंगामात हर्षदची होडी बंद पडली तेव्हा शोधणारे भलतीकडेच भटकले, पोरगा कसाबसा वाचला. म्हणून तर सगळे तयार झाले. अट एकच, एरवी ज्याचा पॉइंट त्यालाच दिसायचा. आणि पहिल्याच दिवशी ही बोंब!

बाबल्याचं इंजिन ऐन वेळी बिघडलं म्हणून तो धक्क्यावरच होता. बाकीच्या होड्या अजून रेंजबाहेर होत्या. त्यांनी भगवतीच्या किल्ल्याला वळसा घातला की फोन लागणार, ॲप उघडणार आणि मग धक्क्यावर जे होईल ते देवच जाणे.

"दादा, कुणाला बोलू नका!"

"मी कशाला बोलतोय? पण बेगीन कर गो बाय!"

तिने लॅपटॉप उघडला. ज्याची ओळ त्यालाच दाखवायची, हा नियम पॉइंटच्या नोंदींच्या टेबलावर चालू होता. तरी तिला सगळ्या ओळी दिसत होत्या. "अगं येडे, टेबल तुझंच, मालकिणीला नियम लागतो होय?" तिने स्वतःलाच झापलं. मग बाबल्याच्या नावाने आत शिरून टेबलाला विचारलं. एकच ओळ आली. नियम तर चोख होता! मग गळतंय कुठे?

आणि एकदम ट्यूब पेटली. ॲप थेट टेबलाला विचारतच नव्हतं. पॉइंटसोबत वाऱ्याचा अंदाज दाखवायला तिने कालच एक फंक्शन जोडलं होतं, आणि ते चालत होतं बनवणारीच्या अधिकाराने. विचारायचा बाबल्या, उत्तर मिळायचं मालकिणीचं.

"सापडलास मेल्या!" ती किंचाळली. आई धावत आली.

"कोण सापडला?"

"फंक्शन!"

"बरं हो," म्हणत आई परत तव्याकडे गेली.

फंक्शनला आता विचारणाऱ्याच्या अधिकाराने चालायला लावलं. तर काय, 'परवानगी नाही'! वाऱ्याचं टेबल वाचायची मुभा तांडेलांना दिलीच नव्हती. ती दिली, पुन्हा चालवलं. बाबल्याला फक्त बाबल्याची ओळ! ऋजुता खुर्चीतून उडालीच. लॅपटॉप पिशवीत कोंबून ती मांडवीच्या घरून स्कूटरवर धक्क्याकडे सुटली.

धाकू तांडेलाची होडी नुकतीच लागली होती. त्याने फोन उघडला, त्याला फक्त त्याचाच पॉइंट दिसला. झालं, सुटले, असं ऋजुताला वाटतंय तोवर बाबल्याच्या पोटात काही राहिना.

"धाकूदा, मगाशी ॲप बिघडलेलं. तुझा पॉइंट दिसला रे मला, जयगडच्या खडकाजवळचा. पण मी जायचो नाय, आयशप्पत!"

ऋजुताला वाटलं, संपलं सगळं. पण धाकू खदाखदा हसत सुटला.

"जा की खुशाल! दगड मिळतील तिथं. खोटा भरलाय मी."

बाबल्याने डोकं खाजवलं. "माझा पण खोटाच हाय."

"माझा पण," मागून कुणीतरी म्हणालं. मग आणखी एक.

ऋजुताचा पारा चढला. "आणि बंद पडली असती होडी, तर आम्ही काय त्या खडकाला विचारत बसायचं होतं, धाकूकाका?"

हसणं थांबलं. हर्षद तिथेच जाळं आवरत होता, त्याच्याकडे कुणी बघेना.

"खरा भरला, तर तुला दिसणार?" धाकूने विचारलं.

खोटं बोलणं अगदी सोपं होतं. "हो," ती म्हणाली, "आत्ता दिसतो." मग मासळीच्या क्रेटवर बसून तिने तोच नियम मालकिणीलाही लावला आणि लॅपटॉप त्याच्यापुढे धरला. पडद्यावर एकही ओळ नव्हती. "आता मलाही नाही. होडी बेपत्ता झाली तर फक्त सोसायटीच्या अध्यक्ष गुणवंतीमावशी उघडतील, ती मुभा त्यांनाच."

"आणि तू हा नियम काढलास तर?"

"काढू शकते. पण नाही काढणार."

धाकूने पुन्हा फोन काढला. मग सगळ्यांकडे पाठ केली, फोनवर हाताचा आडोसा धरला आणि एका बोटाने टाइप करायला लागला. बाबल्यानेही पाठ फिरवली. मग तिसऱ्याने. बघता बघता धक्क्यावर नुसत्या पाठीच पाठी! ऋजुताच्या पडद्यावर काहीच उमटलं नाही, आणि तिला इतका आनंद झाला की रडूच फुटलं.