मागच्या खोलीची साक्ष

पहिल्या साक्षीला पॉलिशवाल्याचा श्वास तिसऱ्याच वाक्याला संपला. कठडा धरून तो धापा टाकत राहिला, न्यायाधीशांनी पुढची तारीख दिली, आणि ज्याच्यावर दावा लावला होता तो मालक समोर बसून चक्क हसला. ते पाहून पॉलिशवाल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

उभी हयात त्याने या मालकाच्या फर्निचर कारखान्यात, मागच्या खोलीत, लाकूड घासलं आणि मशिनने पॉलिश फवारलं. ओल्या पॉलिशवर धूळ बसू नये म्हणून मालकाने खिडक्या खिळे ठोकून बंद केलेल्या. मास्क मागितला की म्हणायचा, "नखरे घरी करायचे." बिडीला कधी न शिवलेल्या माणसाची फुप्फुसं सैल फुग्यासारखी झाली, तर मालक म्हणे, हा नाटक करतोय! वर कामावरूनही काढून टाकलं.

छातीच्या डॉक्टरबाईंनी नवा उपाय समजावला. पंप आणि व्यायाम चालूच राहणार. पण आता छाती न कापता, तोंडावाटे नळी घालून, फुप्फुसाच्या सगळ्यात खराब भागात छोट्या झडपा बसवता येतात. तिथली कोंडलेली हवा बाहेर पडते आणि चांगल्या भागाला जागा मिळते.

"सगळ्यांना चालत नाही हे," त्या म्हणाल्या. "तुमच्या तपासण्या जुळतायत. पण फुप्फुसाला भोक पडू शकतं, आणि आजार मुळातून जाणार नाही."

"सलग किती वेळ बोलता येईल?" त्याने एवढंच विचारलं.

घरी बायको कावली. "अहो, जगायचं म्हणून करा. त्या मेल्यासाठी कशाला जीव धोक्यात घालता?"

"जगायला आणि सूड घ्यायला श्वास एकच लागतो गं."

झडपा बसल्या. भोकही पडलंच. छातीत नळी घेऊन तो बरेच दिवस पडून होता, आणि मालकाच्या नावाने बोटं मोडत बरा झाला. मग रोज व्यायाम झाला की भिंतीपुढे साक्ष म्हणायचा. भिंत कंटाळली असेल, हा नाही.

पुढच्या तारखेला तो अथपासून इतिपर्यंत बोलला. खिडक्या, खिळे, मास्क, खोकला, सगळं. मग मालकाचा वकील सावकाश उठला.

"साहेब, साक्षीदार इतका वेळ न थांबता बोलला. आजार आहे कुठे?"

कोर्टात खसखस पिकली. मरता मरता मिळवलेला श्वास पॉलिशवाल्यावरच उलटला होता. धाप लागल्याचं सोंग करावं, असं क्षणभर त्याच्या मनात आलं. मग डोकंच फिरलं.

"बरं, मी ठणठणीत," तो म्हणाला. "तर मग साहेब, मला आणि मालकांना त्या खोलीत बसवा. दार बंद, मशिन चालू, मास्क नाही. एक तास. मी आत्ता तयार आहे. चला मालक."

"वेड लागलंय का याला?" मालक ताडकन उठला. "त्या खोलीत माणूस तासभर तरी टिकेल का?"

वकिलाने त्याची बाही ओढली, पण उशीर झाला होता.

"हे वाक्य पुन्हा म्हणा," न्यायाधीश म्हणाले. "लिहून घ्यायचंय."

मालक वकिलाकडे बघत खाली बसला. पॉलिशवाला त्याच्याकडे डोळे भरून बघत राहिला. इतकं बरं त्याला झडपांनीही वाटलं नव्हतं.