न हलणारा काटा

काटेकाकांच्या नाकावरचा राग सगळ्या गल्लीला ठाऊक होता. हल्ली तो तिथे नसायचा, आणि याचं सर्वांत जास्त कौतुक खुद्द काटेकाकांनाच होतं.

त्यांचं हे नाव धंद्यावरून पडलेलं. ते वजनकाटे दुरुस्त करायचे. भाजीवाल्याचे नव्हेत, सोनारांचे, प्रयोगशाळांचे, औषधं बनवणाऱ्यांचे. काचेच्या पेटीत बसवलेले, चिमूटभर भुकटीचंही वजन सांगणारे जुने नाजूक काटे. असलं काम करणारे फारसे उरले नव्हते, त्यामुळे काकांचा एक तोरा होता आणि तोऱ्याला शोभेल असा रागही. दुकानाचं दार कुणी धाडकन लावलं की पेटीतला काटा हेलकावे खायचा आणि दार लावणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा. घरीही तीच तऱ्हा. टॉवेल जागेवर नाही म्हणून राग. टॉवेल जागेवर आहे पण ओला आहे, म्हणून राग. एकदा सुट्टीच्या दिवशी दुपारपर्यंत चिडायला काहीच मिळालं नाही, तर तेवढ्यावरूनही ते चिडले होते.

मग एक दिवस डॉक्टरांनी त्यांच्या दंडावरची रक्तदाबाची पट्टी सोडली आणि म्हणाले, "एक तर राग सोडा, नाही तर जिने सोडा." काकांचं दुकान तळमजल्यावर, घर त्याच इमारतीत चौथ्या मजल्यावर, आणि लिफ्ट नाही. त्यांनी राग सोडायचं ठरवलं.

काकूंनी त्यांचं नाव जवळच्या सभागृहातल्या योगाच्या वर्गात घातलं. वर्ग सुरू होऊन महिना झाला होता, पण बाईंनी त्यांना घेतलं. या बाई म्हणजे निवृत्त परिचारिका. हातपाय वाकवून झाले की त्या सगळ्यांना स्वस्थ बसवायच्या आणि जुन्या योगविचारातलं काही सांगायच्या. मनात जे उठेल ते बघा. बघणारे व्हा, साक्षी व्हा. सुख असो, दुःख असो, समतोल सोडू नका. बाकीची मंडळी तेव्हा आपापले गुडघे चोळत असायची. काकांचे कान मात्र टवकारले. समतोल! आयुष्यभर आपण दुसरं केलं काय?

काका कुठलीच गोष्ट अर्धवट करणारे नव्हते. एरवी ज्या जिद्दीनं ते काट्याचा एकेक स्क्रू पिळायचे, त्याच जिद्दीनं त्यांनी स्वतःला पिळून घट्ट केलं. टॉवेल ओला असो की सुका, काका शांत. शेजाऱ्यांनी जिन्यात सायकल आडवी लावली, काका शांत. एकदा दूध उतू जात होतं आणि काका समोर उभे राहून ते बघत होते.

"अहो, साक्षी झालात ते ठीक आहे," काकू धावत येऊन म्हणाल्या, "पण गॅस बंद करायला काय झालं होतं?"

काका मंद हसले. हे मंद हसू काकूंना जुन्या आरडाओरड्यापेक्षा जास्त झोंबायचं. आरडाओरडा चालू असताना निदान आपण खोलीत आहोत याची त्यांना दखल आहे, एवढं तरी कळायचं.

अशातच एका रविवारी त्यांची लेक घरी आली. तिशी उलटली तरी तिला घरात सगळे चिऊच म्हणायचे. नवऱ्याशिवाय, एकटीच आली होती, आणि मोठी बॅग चार मजले स्वतः उचलून आणली होती. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली, काकूंनी दिलेल्या पाण्याला तिनं हात लावला नाही आणि काकांकडे बघून म्हणाली, "तो दुसऱ्या कुणाबरोबर राहायला गेला, बाबा. मला म्हणाला, तुझ्यात काही चूक नाही. फक्त मला आता हे नकोय."

काकूंच्या तोंडून "अगं बाई" एवढंच निघालं. काकांच्या छातीत काहीतरी धप्पकन पडलं. हात थरथरायला लागले, ते त्यांनी टेबलाखाली नेऊन गुडघ्यांवर दाबून धरले. मग एक लांब श्वास घेतला, सोडला, आणखी एक घेतला. चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही. अशा वेळीही आपल्याला हे जमलं, याचा त्यांना थोडा अभिमानच वाटला.

"सगळं येतं आणि जातं, बाळा," ते म्हणाले. "आपण फक्त बघायचं. तू श्वासाकडे लक्ष दे."

चिऊ त्यांच्याकडे बघत राहिली. ती लहान असताना एका पोरानं तिला झोपाळ्यावरून ढकललं होतं. तेव्हा काका दुकानातला ॲप्रन न काढता, हातात वजनं उचलायचा चिमटा तसाच घेऊन त्या पोराच्या घरी गेले होते आणि अख्खी इमारत बाहेर येईपर्यंत ओरडले होते. त्या दिवशी तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. आज मात्र चार जिने चढताना तिला तोच चिमटेवाला बाप हवा होता.

"बरं," ती म्हणाली, आणि बॅग घेऊन आतल्या खोलीत गेली.

त्यानंतरचे काही दिवस घरात कुणी आवाज चढवला नाही. चिऊ कामाला जायची, यायची, जेवायची. गुरुवारी संध्याकाळी काकू भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "ती परवा चाललीय. ऑफिसजवळ कुणा बाईंच्या घरात खोली घेतलीय."

"जाऊ दे तिला. धरून ठेवण्यातूनच दुःख होतं," काका म्हणाले.

काकूंनी भाजीची जुडी ताटात टाकली. "दाराजवळच्या तिच्या घरात घालायच्या चपला पाहिल्यात? लग्न होऊन गेली तरी नेल्या नव्हत्या तिनं. येईन तेव्हा लागतील म्हणायची. काल त्याही बॅगेत भरल्या. मी विचारलं, तर म्हणते, बाबांना काही फरकच पडत नाही, उगाच त्यांच्या शांततेत अडचण कशाला करू? फरक पडत नाही म्हणाली हो ती. ऐकलंत का?"

काकांनी ऐकलं होतं. त्यांनी ते वाक्य मनात येऊ दिलं आणि नेहमीप्रमाणे बघत बसले, पण ते काही जाईना. तिथेच ठाण मांडून बसलं.

शुक्रवारी दुपारी दुकानात एक फार्मासिस्ट बाई आल्या. आपल्या औषधांच्या दुकानात मलमं आणि पुड्या स्वतः बनवून देणाऱ्या, जुन्या पद्धतीच्या. त्यांनी काट्याची पेटी अलगद टेबलावर ठेवली आणि दारही अलगद लावलं. काकांना तेव्हाच शंका यायला हवी होती.

"काका, हा तुम्हीच तपासून दिला होतात ना?"

"मागच्याच आठवड्यात. झकास आहे. काटा कसा मधोमध उभा होता! ढिम्म हलत नव्हता."

"अजूनही हलत नाही," बाई म्हणाल्या. "औषध थोडं कमी घातलं तरी नाही, थोडं जास्त घातलं तरी नाही. मी सगळं दुसऱ्या काट्यावर पुन्हा तोलून बघते म्हणून बरं. तान्ह्या बाळाचं औषध होतं, काका."

काकांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. त्यांनी पेटी उघडली, चिमट्यानं सगळ्यात हलकं वजन उचललं, नखाएवढा पत्र्याचा तुकडा, आणि पारड्यात ठेवलं. काटा मधोमध उभा राहिला. आणखी एक तुकडा ठेवला. काटा उभाच. मग त्यांनी दांडी उचलली. अशा काट्याची दांडी मधोमध एका दगडी धारेवर टेकलेली असते आणि सगळी मदार त्या धारेवर असते. डोळ्याला भिंग लावून त्यांनी बघितलं. धारेवर तेल होतं. तेलावर धूळ बसून त्याचा चिकटा झाला होता. धारेला तेल लावायचं नाही, हे या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात.

"तेल कुणी घातलं हे?"

"आमच्या मदतनीस बाईंनी. काल कबूल केलं त्यांनी. काटा फार वेळ डुलत राहतो, कामाचा खोळंबा होतो, म्हणून लवकर थांबावा यासाठी घातलं. ते मी बघते त्यांच्याशी. पण तपासलं तुम्ही होतं."

काटा तपासायचा म्हणजे आधी त्याला डुलवायचं, ही काकांच्या वडिलांची शिकवण. तो डावीकडे जातो, उजवीकडे जातो, दर वेळी थोडा कमी. दोन्हीकडे कुठपर्यंत गेला हे पाहिलं की मध्य आपोआप कळतो; थांबायची वाटसुद्धा बघावी लागत नाही. उत्तम काटा पुरता स्थिर असा नसतोच. त्याला वाऱ्याची झुळूक कळते, माणसाचा श्वास कळतो. काटा डुलतोय म्हणून तक्रार करणाऱ्या गिऱ्हाइकांना काका वर्षानुवर्षं एकच ऐकवत आले होते, की डुलतोय तो चांगला, हलत नाही तो अडकलाय.

आणि मागच्या आठवड्यात या अडकलेल्या काट्याकडे बघून ते काय म्हणाले होते? दुकानात कुणी नव्हतं, म्हणून मोठ्यानंच म्हणाले होते, "वा! अगदी माझ्यासारखा." त्याला न डुलवताच त्यांनी पेटी बंद केली होती.

"चूक माझी आहे," काका म्हणाले. "माफ करा मला."

स्पिरिटचा बोळा घेऊन त्यांनी धार पुसली, पुन्हा पुसली, भिंगातून पाहिली, दांडी बसवली. काटा डुलायला लागला. डावीकडे, उजवीकडे, डावीकडे. नखाएवढा तुकडा ठेवताच एका बाजूला कलला. बाईंनी समाधानानं मान हलवली आणि पेटी घेऊन गेल्या.

काका स्टुलावर बसले. रविवारी छातीत जे पडलं होतं ते अजून तिथेच होतं, जसंच्या तसं. त्यांना एकदम भीती वाटली. त्यांनी योगाच्या बाईंना फोन लावला.

"बाई, मन हलू द्यायचं नाही असं तुम्ही शिकवलंत ना?"

"मी? कधी?" पलीकडून आवाज आला. "मी बघा म्हणाले. तुम्ही काही उठूच देत नसाल, तर बघणार काय? काय झालंय?"

काकांनी मोडक्यातोडक्या शब्दांत सांगितलं.

"काका, तुम्ही वर्गात उशिरा आलात, ते माझ्या लक्षातच राहिलं नाही. पहिल्या आठवड्यात मी अहिंसा सांगितली होती. दुसऱ्या आठवड्यात सत्य. श्वास आणि ध्यान त्याच्या कितीतरी नंतर. कुणाला दुखवायचं नाही आणि खोटं वागायचं नाही, एवढं जमलं की मग पुढचं. तुम्ही खालच्या पायऱ्या सोडून एकदम गच्चीवर जाऊन बसलात."

काकांनी फोन ठेवला. दुकानाला कुलूप न लावताच ते चार जिने चढले, एकदाही न थांबता.

चिऊ आतल्या खोलीत पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत होती. काका दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले. धाप लागली होती.

"चिऊ, मी तुझ्याशी खोटं वागलो."

"काय झालं, बाबा? बसा आधी."

"रविवारी मी शांत नव्हतो. माझे हात कापत होते. टेबलाखाली लपवले मी ते. मला वाटलं, दिसू दिलं नाही म्हणजे जिंकलो." त्यांचा आवाज चढायला लागला. त्यांना तो चढताना स्पष्ट दिसत होता, आणि त्यांनी तो चढू दिला. "तुझ्यात काही चूक नाही म्हणे! प्रमाणपत्र देतोय! हा कोण लागून गेला माझ्या पोरीला पास-नापास करणारा? एवढी वर्षं तिनं संसार केला आणि हा म्हणतो नकोय! नकोय म्हणजे काय? ती काय टॉवेल आहे?"

समोरच्या घराचं दार उघडल्याचा आवाज आला. काकू धावत आल्या. "अहो, तुमचा रक्तदाब!"

पण काकांचं बोलणं आधीच थांबलं होतं, कारण त्यांना रडू फुटलं होतं. चिऊ हातातला स्वेटर तसाच धरून त्यांच्याकडे बघत होती. मग तिचा चेहरा वाकडा झाला आणि ती रडायला लागली. आल्यापासून ती एकदाही रडली नव्हती. काका पुढे झाले आणि त्यांनी तिला जवळ घेतलं, स्वेटरसकट. काकू दोघांच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. गॅसवर दूध होतं आणि ते बघायला स्वयंपाकघरात कुणीच नव्हतं.

हळूहळू हुंदके लांबले, मग कमी झाले. चिऊनं स्वेटरला नाक पुसलं.

"अजून राग आहे, बाबा?"

काकांनी आत पाहिलं. या वेळी खरंच पाहिलं. "आहे. मघापेक्षा कमी. भीती जास्त आहे. तुझं कसं होणार याची." आणि मग त्यांनाही नवल वाटलं, पण ते होतं म्हणून सांगितलं, "आणि आत जरा शांत वाटतंय."

"मी उद्या जाणार आहे," चिऊ म्हणाली. "खोली घेतलीय, ऑफिस जवळ आहे. मला थोडं एकटीनं राहून बघायचंय."

काकांच्या छातीत पुन्हा धप्प झालं. त्यांनी हात लपवले नाहीत. "मला वाईट वाटतंय," ते म्हणाले. "पण जा तू."

"दिसतंय मला," ती म्हणाली.

तिनं बॅगेत हात घालून तळातून जुन्या चपला ओढून काढल्या, बाहेरच्या दाराशी गेली आणि त्या नेहमीच्या कोपऱ्यात ठेवल्या.

"या इथेच राहू देत. रविवारी येईन. आणि बाबा, आले की दार धाडकन लावणार आहे मी."

"लाव," काका डोळे पुसत म्हणाले. "मी ओरडेन."