कुणाला कळवू नका

गुणवंती गेल्याचं मला तुरुंगात कळलं. तिचा भाऊ लवू भेटीला आला होता. जाळीपलीकडे उभा राहून त्याने आधी माझ्याकडे नीट पाहून घेतलं.

"काय भावजी, मासळी बरी मिळाली?"

मी मान खाली घातली.

"ताई गेली," तो म्हणाला. "शनिवारी. छातीत दुखलं म्हणून इस्पितळात नेली, दोन दिवस होती. तुमच्या बोटीला वायरलेस लावला. तांडेल म्हणाला, बाबल्या आमच्यात नाय, तो आलाच नाय. आम्हाला वाटलं, पडलात कुठे पाण्यात. काल हरवल्याची तक्रार द्यायला पोलिसात गेलो, तर हवालदार म्हणतो, तुमचा माणूस आत आहे."

"मी बोटीवर नाही, ते तिला कळलं?"

"नाय. तिला सांगितलं, बोट माघारी फिरलीय, भावजी येतायत. ती सारखी विचारायची, वारा कुठला हाय."

तांडेल बोट चालवतो, मी तिचं इंजिन सांभाळतो. त्या दिवशी इंजिनाचा एक जादाचा भाग दुरुस्त करून घ्यायला मिरजोळ्याला गेलो होतो. तिथून परस्पर मिरकरवाड्याला बोटीवर जाणार, असं घरी सांगून निघालो होतो. पोलिसांनी मिरजोळ्यातच धरलं. आदल्या रात्री बंदरातल्या एका बोटीतलं डिझेल चोरीला गेलं होतं आणि कुणीतरी माझं नाव घेतलं होतं. मी चोरलं नव्हतं.

ठाण्यात हवालदाराने विचारलं, "घरी कुणाला कळवायचं? कायदा आहे, कळवावं लागतं."

मी म्हटलं, "कुणाला कळवू नका."

दुसऱ्या दिवशी कोर्टात सरकारने दिलेल्या वकील रसिका मॅडम आल्या. त्यांनीही समजावलं, घरच्यांना कळणं हा तुमचा हक्क आहे, शिवाय जामीन राहायला माणूस लागेल. "घरी कोण आहे?"

"कोणी नाही," मी म्हटलं.

गुणवंती बाजारात मासे विकायला बसायची. चोरीत माझं नाव आलेलं कळलं असतं, तर गिऱ्हाइकांनी भाव करताना तेच काढलं असतं. नवऱ्याला डिझेल फुकट मिळतं, तू तरी स्वस्तात दे. असं मी स्वतः दुसऱ्याच्या बायकोला हसत ऐकवलेलं आहे. बोट आठ-दहा दिवस बाहेर असते. तेवढ्यात सुटेन, तिला पत्ताही लागणार नाही, असं मी धरून चाललो.

लवू जामीन राहिला. मी घरी आलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. अग्नी त्याच्या मुलाने दिला होता. वाडीत लवूने सांगून टाकलं होतं की मी दुसऱ्या बोटीवर गेलो होतो, ती बिघडून हर्णेला अडकली, माझा फोन पाण्यात पडला. माणसं येऊन म्हणायची, "दर्याचं काम. तू तरी काय करणार?" मी ऐकून घ्यायचो. मुलीने, पूर्वीने, माझा हात धरून म्हटलं, "बाबा, तुमचा काय दोष?" तेही मी ऐकून घेतलं.

नंतर रसिका मॅडमना भेटलो. त्यांनी विचारलं, "चोरीच्या रात्री कुठे होतात?"

"घरी."

"कोणी पाहिलं?"

"बायकोने. मुलगी माहेरी आली होती, तिने."

मॅडमनी लिहायचं थांबवलं. "मला तर घरी कोणी नाही म्हणाला होतात."

त्यांनी ते वाढवलं नाही. म्हणाल्या, "गुन्हा तुम्ही केलात हे त्यांनी सिद्ध करायचं आहे. पण तुम्ही घरी होतात, हे सांगणारं माणूस असेल तर फार बरं पडेल. मुलीला घेऊन या."

बाहेर आल्यावर लवूला म्हटलं, "पूर्वीला तू सांगशील?"

"खोटं सांगायचं होतं ते मी सांगितलं भावजी. खरं तुम्ही सांगा."

पुढच्या महिन्यात तारीख आहे. पूर्वी चिपळूणला सासरी असते. रोज संध्याकाळी फोन करून जेवलात का विचारते. तिची आई इस्पितळात होती तेव्हा मी कुठे होतो, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.