साठ अंशांवरचं पाणी

वाढलेलं ताट पाहुण्यापुढून ओढून घेणारा माणूस म्हणजे वामनराव निनावे, असं कुणी सांगितलं असतं तर प्रताप नगरातल्या त्यांच्या गल्लीत कुणालाही ते खरं वाटलं नसतं. वाचनालयातली नोकरी सुटून बरीच वर्षं झाली होती, पण वामनराव अजून वाचनालयातल्यासारखेच हळू बोलत. कामठीच्या बसमध्ये बसले, तिकीट हातात आलं, तरी ही बस कामठीलाच जाते ना, असं शेजारच्याला विचारून घेत.

आणि नेमक्या याच माणसावर त्यांच्या सुनेनं, हिमानीनं, यंत्र निवडायचं काम सोपवलं होतं.

हिमानी आणि मोहित चौकात सावजी भोजनालय चालवत. त्यांच्या रश्श्याला कुणी नाव ठेवत नसे. तक्रार असे ती मटणाची. एक दिवस लुसलुशीत, दुसऱ्या दिवशी दाताखाली तुटत नाही. मग हिमानीनं कुठंतरी विजेची एक कांडी पाहिली. पाण्याच्या गंजाला, म्हणजे मोठ्या पातेल्याला, काठाशी अडकवायची, अंश ठरवून द्यायचे, की ती पाणी फिरवत राहते आणि तेवढंच गरम ठेवते. मटण हवाबंद पिशवीत घालून त्या पाण्यात रात्रभर बुडवायचं. सकाळी ते सारखं मऊ, मग रश्श्यात. शेजारच्या पार्वतीबाईंनी हे ऐकून विचारलं होतं की आंघोळीच्या पाण्याची रॉड आता मटणात घालता का वं. हिमानी हसली होती, पण तिनं ठरवलं होतं.

"मामाजी, तुमीच वाचून सांगा. मले ते वाचाले टाईम नाही," ती म्हणाली होती.

वामनराव पंधरवडाभर त्यात बुडाले. किती लिटर पाण्याला किती वॅट लागतात ते वाचलं. फोनवरूनच चालणाऱ्या कांड्या त्यांनी बाजूला काढल्या, कारण हिमानीचे हात कायम मसाल्यात. बोअरच्या पाण्यानं आतल्या तारेवर क्षार चढतो, म्हणून तळ उघडून धुता येणारीच घ्यायची. चिमटा जाड काठाच्या गंजाला बसला पाहिजे. असं गाळत गाळत दोन उरल्या. एक स्टीलची. वीज गेली की ती बंद पडायची, आणि वीज आली तरी माणूस येऊन बटण दाबेपर्यंत नुसती दिव्यानं लपलपत, ओरडत राहायची. दुसरी वीज आल्याबरोबर आपली आपण सुरू व्हायची आणि ठरलेल्या अंशावर जाऊन बसायची.

हिमानीला स्टीलची आवडली होती. वामनरावांनी तिला समजावलं. आपल्याकडे लाईन येत-जात असते, दर वेळी कोण धावणार बटण दाबायला? आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी एखादी गोष्ट दुसऱ्यांदा न तपासता सांगितली. दुसरीच आणली गेली.

रविवारी दुपारी लतिकाबाई यायच्या होत्या. त्यांच्या मुलीच्या साखरपुड्याचं जेवण हिमानीला मिळायचं की नाही, ते या एका पंगतीवर ठरणार होतं. भोजनालयाबाहेरचं हे तिचं पहिलंच मोठं काम. शनिवारी दिवेलागणीला तिनं मटणाच्या पिशव्या घरच्याच स्वयंपाकघरात गंजात सोडल्या. सकाळी वामनराव पाहायला गेले तेव्हा कांडीवर हिरवे आकडे शांत होते. साठ. ना एक कमी ना एक जास्त. त्यांना इतकं बरं वाटलं की ते तिथंच उभं राहून चहा प्यायले.

दुपारी लतिकाबाई आल्या, सोबत त्यांची म्हातारी आई, प्रयागबाई. ताटं मांडली गेली, आणि हिमानीच्या लक्षात आलं की लिंबू नाही. वामनराव पार्वतीबाईंच्या झाडाची लिंबं मागायला गेले. पार्वतीबाईंनी लिंबं तोडता तोडता गाऱ्हाणं सुरू केलं.

"झोपच नाही वामनभाऊ. सांजंच्यानं लाईन गेली ते पहाटे आली. मच्छरानं फोडून काढलं. तुमचं काय, तुमच्या घरी इनवल्टर. तुमाले पताही नसंल."

वामनरावांच्या हातातलं एक लिंबू खाली पडलं. ते उचलायचं त्यांना सुचलं नाही.

खरंच पत्ता नव्हता. घरातले दिवे, पंखे, टीव्ही सगळं इन्व्हर्टरवर. फ्रिज, गिझर आणि स्वयंपाकघरातला, कांडी लावलेला जाड पिनेचा सॉकेट तेवढा सरळ लाईनवर. जड यंत्रं इन्व्हर्टरला झेपत नाहीत, म्हणून अख्ख्या गल्लीनं तसंच करून घेतलं होतं. ते रात्रभर दिव्याखाली वाचत बसले होते, डोक्यावर पंखा फिरत होता, आणि भिंतीपलीकडे मटण कोमट पाण्यात तरंगत होतं. पहाटे वीज आली, कांडी सुरू झाली, साठावर गेली आणि गप्प बसली. काही घडलंच नाही असं.

घराच्या पायरीवर त्यांच्या मनातल्या नेहमीच्या शंकेनं उचल खाल्ली. कदाचित पार्वतीबाईंचाच फेज गेला असेल. आपला वेगळा. त्या बोलतात जरा वाढवून. भरल्या घरात काय सांगणार, आणि चुकलं तर? ते सरळ फ्रिजकडे गेले. नात रितिकासाठी हिमानीनं शनिवारी दुपारी संत्र्याची कुल्फी लावली होती. संध्याकाळी ती अर्धी जमली तेव्हा काड्या त्यांनीच खोचल्या होत्या, एकेक सरळ उभी. त्यांनी वरचं दार उघडलं. कुल्फी दगडासारखी गोठलेली होती आणि सगळ्या काड्या तिच्यात आडव्या पडलेल्या होत्या. रात्री वितळली होती. पुन्हा गोठली होती.

बाहेरून हसण्याचा आवाज आला.

"हिमानी," ते दारातून म्हणाले. कुणालाच ऐकू गेलं नाही. हिमानी रस्सा वाढत होती. लतिकाबाई वास घेऊन मान डोलवत होत्या. प्रयागबाईंनी भाकरी मोडली, मटणाचा तुकडा तिच्यात धरला, हात उचलला.

वामनराव पुढे झाले आणि म्हातारीच्या हाताखालचं ताट त्यांनी ओढलं. रस्सा सतरंजीवर सांडला. मग वाकून त्यांनी तिच्या हातातला घाससुद्धा काढून घेतला.

हिमानीच्या हातातली पळी तशीच राहिली. लतिकाबाई अर्धवट उठल्या होत्या. प्रयागबाई आपल्या रिकाम्या बोटांकडे पाहत होत्या. ऐंशी वर्षांत त्यांच्या तोंडचा घास कुणी काढला नसावा.

"कोणी खाऊ नका," वामनराव म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच अनोळखी वाटला. "रात्रभर लाईन नव्हती. मटण खराब आहे."

"मामाजी, मी सकाळी पाह्यलं न. साठ होतं."

"आत्ताचं साठ आहे ते. रात्रीचं त्याले माहीत नाही."

तिनं अडखळत विचारलं की आता रश्श्यात तर खळखळ उकळलंय. उकळल्यानं जंतू मरतात, त्यांनी मागं सोडलेलं विष सगळंच जात नाही, असं त्यांनी सांगितलं. मग आत जाऊन कुल्फीचा साचा आणला आणि तिच्यापुढे धरला. हिमानीनं आडव्या काड्या पाहिल्या. ती मटकन खाली बसली.

"तुमीच तं म्हटलं होतं हे घ्या म्हणून," ती हळूच म्हणाली.

"हो," वामनराव म्हणाले.

लतिकाबाईंनी पर्स उचलली. तेवढ्यात प्रयागबाई बोलल्या.

"मंग आता उपाशी धाडता का गा? पाटवडी आहे का नाही घरात?"

पाटवडी होती, सकाळचीच ताजी. तिचा रस्साही वेगळा. हिमानीनं दुसरं ताट मांडलं. प्रयागबाई सावकाश जेवल्या. लतिकाबाईंनी दोन घास खाल्ले आणि साखरपुड्याबद्दल एक शब्द न काढता, कळवते म्हणून निघाल्या. दारात म्हातारी वामनरावांपाशी थांबली.

"मले वाटलं, बुढा भणकला," ती म्हणाली आणि त्यांच्या खांद्याला धरून पायरी उतरली.

मोहित भोजनालयातून आला. त्यानं सगळं ऐकलं, मागच्या अंगणात खड्डा खणला आणि मटण पुरलं. हिमानी ओट्यापाशी उभी होती. गंजात आता नुसतं पाणी होतं, तरी कांडी ते फिरवत होती. साठ. वामनराव त्या आकड्याकडे पाहत राहिले. तो खोटा नव्हता, आणि त्याच्यावर भरवसा ठेवून त्यांनी एका म्हातारीला जवळजवळ आजारी पाडलं होतं.

हिमानीनं पिन उपटली.

"ते दुसरी होती न, लपलपणारी," ती त्यांच्याकडे न पाहता म्हणाली. "फोन लावा दुकानात. तुमीच लावा."

वामनराव फोन करायचं शक्यतो टाळत. त्यांनी लावला. दुकानातला पोरगा भला होता, सगळं ऐकून घेत होता. बदलून देऊ म्हणाला, पण नेमकी कोणती पाहिजे ते त्याला कळेना.

"जी वीज गेली की बंद पडते, आणि आली तरी बंदच राहते, ती," वामनरावांनी पुन्हा सांगितलं.

"काका, उलटं मागून राहिले तुमी. लोक तं चालू राह्यणारी मागतात."

"ओरडते ना ती?"

"ओरडते न. डोकं उठवते."

"तीच द्या," वामनराव म्हणाले. आणि फोन ठेवण्याआधी त्यांनी त्याला तेच पुन्हा एकदा विचारून घेतलं.